कोन्सोर्सियाचं दार

लुबिहान, ३ मार्च

मानांग कोन्सिंग,

तुझ्या वकिलाचं पत्र पोचलं. सहा वर्षांत तुझ्याकडून मला आलेला हा पहिला कागद, आणि त्यावर सही परक्याची. तरी मी तो दोनदा वाचला. वकील चांगलं लिहितो. 'उपरोक्त मालमत्ता' म्हणजे तुझं घर, आणि 'किल्लीधारक' म्हणजे मी. बावन्न वर्षांत मला या गावानं पुष्कळ नावं ठेवली, पण सख्ख्या थोरल्या बहिणीनं 'किल्लीधारक' म्हणावं, हे काम त्या कॅनडातल्या विनिपेगच्या थंडीचंच.

तर ३१ मेला किल्ली त्या शहरातल्या गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, आणि तो घर पाडून सिमेंटच्या पोत्यांचं गोदाम बांधणार. गावच्या मुख्य रस्त्यावर, चर्चच्या समोर. संत इसिद्रो रोज सकाळी डोळे उघडेल आणि समोर पोती बघेल. शेतकऱ्यांचा संत आहे, सवय करून घेईल.

घर तुझं, विकायचा हक्क तुझा. नगर परिषदेची चिटणीस म्हणून सव्वीस वर्षं मी ठराव लिहितेय, मला कायदा शिकवायला वकील नको. माझी विनंती एवढीच, की सही करण्याआधी एकदा येऊन जा. पंधरा मेला जत्रा आहे. घर बघ, मग वीक. येणं जमत नसेल तर दोन ओळी लिही. तुला लिहिता येतं, मला आठवतंय.

डिसेंबरात तुझा खोका आला. नेहमीप्रमाणे प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी. शेजारच्या टीटा बेयांगला साबण आणि गुडघ्यांचं मलम, पाद्रीबाबांना लोकरीचे मोजे (या उकाड्यात त्यांनी ते दोन दिवस घातले, तुझ्या मानाखातर), धक्क्यावरच्या हमालांना चॉकलेटं. मी सगळ्यांना वाटून आले. माझ्या नावाची चिठ्ठी नव्हती. दोरी मात्र चांगली होती, ती मी ठेवून घेतली.

तुझी,
पेर्पे


लुबिहान, ३० मार्च

मानांग,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते, तू न वाचता ठेवत राहा. टपाल खात्याचं तरी पोट भरेल.

इथे निवडणुकीचा प्रचार सुरू झालाय. बारा मेला मतदान. मेयरपदाला या खेपेला दोघंच: मानोंग गाउदेन्सियो तिसऱ्यांदा, आणि समोर आपली सुईण निएवा. हो, तीच, तुझ्या शिवणाच्या वर्गात दर आठवड्याला सुई मोडणारी. आता अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलीय, त्यामुळे तिला 'काल आलेली पोर' म्हणायची सोय नाही.

गाउदेन्सियोचं नाव काढलं की तुझा जबडा कसा आवळला जातो ते मला इथून दिसतंय. तरीही ऐक. त्याच्यावर हसण्यात या गावात माझा हात धरणारं कुणी नाही, तेव्हा मी सांगते ते तुला खरं मानावं लागेल.

तिसरीत शाळा सोडलेला नावाडी. आजही ठराव त्याला वाचून दाखवावा लागतो, आणि तोही कचेरीत नाही; कचेरीतल्या पंख्यानं त्याला शिंका येतात म्हणून बदामाच्या झाडाखाली. मी वाचते, तो जाळं विणतो. मध्येच म्हणतो, "पेर्पे, हे वाक्य परत. याच्या पोटात काहीतरी लपवलंय." आणि खरंच लपवलेलं असतं. बहुतेक वेळा मीच.

शेजारच्या गावात जाऊन बघ. बसथांबा, गटाराचं झाकण, शवपेटी ठेवायचा मांडव, सगळ्यावर मेयरचा हसरा चेहरा. गटारात पडणाऱ्यालाही कुणाच्या कृपेनं पडलो ते कळावं. आपल्याकडे गाउदेन्सियोनं तीन थांबे बांधले. रंगाऱ्यानं विचारलं, नाव काय लिहू? हा म्हणाला, "तिथे लोक काय करणार?" रंगारी म्हणाला, बसणार. "मग 'बसा' लिही." तिन्ही थांब्यांवर तेवढंच लिहिलंय: बसा. सरकारी तपासनीस आला होता, त्यानं अहवालात याला 'प्रसिद्धीचा अभाव' म्हटलं.

आणि प्रचार. बाहेरच्या बेटावरच्या तीन वाड्यांना जायला मार्चच्या वाऱ्यात दुसरा कुणी होडी काढत नाही. म्हणून निएवाला तिच्या सभांना हाच घेऊन जातो. स्वतःच्या होडीतून, स्वतः सुकाणू धरून. सभेत ती याच्या कारभारावर तासभर तोंडसुख घेते, हा वाळूवर बसून ऐकतो, आणि परत आणून सोडतो. मी म्हटलं, "मानोंग, तुम्हांला अक्कल आहे का?" म्हणाला, "दुसऱ्या कुणाबरोबर गेली तर बुडेल. मग मी लढू कुणाशी?"

एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. चार वर्षं राहून गेलीय. तू संत झालीस.

तुझ्या जाहीरनाम्यात दवाखान्याच्या होडीचं वचन होतं, आठवतंय? निवडून आल्यावर दुसऱ्याच वर्षी यानं ती बांधून घेतली. दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या उलांड्या, मध्ये छप्पर, आत खाट. म्हणाला, हिला कोन्सोर्सियाचं नाव द्यायचं, कल्पना तिची. मी म्हटलं, जिवंत माणसाचं नाव सरकारी मालमत्तेला देता येत नाही, कायदा आहे. तो म्हणाला, "ती जिवंत आहे याला पुरावा काय? तुला पत्र येतं का?" मग परिषदेनं तोड काढली: याच नावाची एक संत आहे, हे पाद्रीबाबांनी सांगितलं. ठराव क्रमांक चौदा, एकमतानं मंजूर, हस्ताक्षर माझं. होडीवर निळ्या अक्षरांत 'सांता कोन्सोर्सिया' आहे. एका तुफानाच्या सकाळी निएवानं तिच्यातच एक बाळंतपण केलं. आतापर्यंत तिच्यात जन्मलेल्या चार पोरांची नावं कोन्सोर्सिया आहेत. त्यातले दोन मुलगे आहेत, त्यांच्या शेवटी 'ओ' लावलाय.

तुझी,
पेर्पे


लुबिहान, २२ एप्रिल

मानांग,

तुझ्या वकिलाचं दुसरं पत्र आलं. 'सदर वास्तू सहा वर्षे बंद असल्याने' तिची झीज झाली असणार, तर तपासून कळवा, असं त्यात आहे.

मग आता सांगायलाच हवं. वास्तू बंद नव्हती.

तू गेलीस तो जत्रेचा दिवस होता. निकालाला तीन दिवस झालेले, एका मतानं तू हरलेली: त्याला चौदाशे बारा, तुला चौदाशे अकरा. रस्त्यावरच्या झाडून सगळ्या घरांची दारं सताड उघडी, ओळखीचा-अनोळखी जो येईल तो जेवतोय, आणि मधोमध तुझ्या दाराला कुलूप. मतं कमी पडली म्हणून या गावानं कुणाला कधी नावं ठेवली नाहीत. पण जत्रेच्या दिवशी दार बंद? आपल्या आज्याच्या आज्यानंही हे पाहिलं नसेल. दुपारच्या होडीनं तू निघालीस. होडी गाउदेन्सियोचीच, दुसरी नव्हतीच. तुझी ट्रंक त्यानं खांद्यावरून नेली आणि तुझ्याकडून भाडंही घेतलं. मागाहून मी त्याला त्यावरून झापलं, तर म्हणाला, "घेतलं नसतं तर तिनं पाण्यात उडी टाकली असती."

पुढच्या वर्षी जत्रेची मिरवणूक निघाली. संत प्रत्येक दारी थांबतो, घरवाले पुढे येतात, मग पुढचं घर. तुझ्या दाराशी आल्यावर पालखीवाल्यांना कळेना, थांबायचं की जायचं. थांबले. वाजंत्रीवाल्यांचाही सूर हरवला, ढोलवाला एकटाच वाजवत राहिला. सगळा गाव कुलपाकडे बघतोय, आणि मी सगळ्यांच्या पायांकडे. तेव्हा गाउदेन्सियो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "कुम्पारे म्हणून मागतो, मेयर म्हणून नाही. किल्ली दे."

तुला माहीत आहे, माझ्या लेकीचा तो धर्मबाप. किल्ली कमरेलाच होती. मी दिली. तुला विचारलं नाही.

तेव्हापासून दर जत्रेला तुझं घर उघडतं. आदल्या दिवशी बायका येऊन फरशी नारळाच्या करवंटीनं घासून आरसा करतात. तुझं बारा माणसांचं टेबल सोप्यावर येतं. मेयर स्वतःचं डुक्कर आणतो, अख्खं भाजतो, चिकट भात टीटा बेयांग करते. येणारा प्रत्येक जण "कोन्सिंगकडे जेवलो" असंच म्हणतो, दुसरं कुणाचं नाव घेत नाही. नियम दोन: तुझ्या झोपायच्या खोलीत कुणी जायचं नाही, आणि खिडकीपाशी चादर टाकून ठेवलेल्या तुझ्या शिवणयंत्राच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. एकदा एका शहरी पाहुण्यानं त्यावर बशी ठेवली होती. टीटा बेयांगनं त्याला इतकं सुनावलं, की तो बशी हातात धरून उभ्यानंच जेवला.

तेव्हा वकिलाला कळव: छप्पर शाबूत, फरशी चकचकीत, पाच वर्षांत फुटलेल्या बश्या अकरा. अकराही माझ्या हातून.

रागाव हवं तर. पण रागावूनच ये.

पेर्पे


लुबिहान, १३ मे

मानांग,

काल मतदान झालं. माडीबंदी होती, त्यामुळे सगळे शुद्धीवर होते आणि वातावरण उदास.

निकाल: गाउदेन्सियो पंधराशे सहा. निएवा पंधराशे सहा.

निवडणूक अधिकाऱ्यानं तीनदा बेरीज तपासली, मग रुमालानं मान पुसली. कायदा सांगतो, बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकायची. उद्या सकाळी कचेरीत.

या खेपेला मी मतपत्रिकेवर एकच गोल रंगवला, मानांग. गाउदेन्सियोचा. सव्वीस वर्षांत मी कधी कुणाला सांगितलं नाही कुणाला मत दिलं ते. तुला सांगतेय, आणि का ते तुला अजून कळायचंय. आज रात्री लिहायचं धाडस नाही. जत्रा होऊ दे.

पेर्पे


लुबिहान, १६ मे

मानांग कोन्सिंग,

आधी चिठ्ठीचं सांगते, कारण त्याला धीर लागत नाही.

अधिकाऱ्याला पारदर्शक भांडं हवं होतं. कचेरीत होतं नव्हतं ते सगळं अपारदर्शक, म्हणून बेकरीतली बिस्किटांची बरणी आणली. दोन गुंडाळ्या: एकीवर 'निवडून आले', दुसरी कोरी. बरणीच्या तळाला चुरा होता, मुंग्या होत्या. अधिकारी म्हणाला, "पहिली कोण उचलणार?"

झालं. इथे वीस मिनिटं गेली.

"निएवा, तू उचल."

"नाही मानोंग, तुम्ही वयानं मोठे."

"तू बाईमाणूस."

"तुम्ही मेयर."

"कालपर्यंत होतो. आज आपण दोघंही मुंग्यांच्या बरोबरीचे."

"तुमचा नातू माझ्या हातावर झालाय, मी तुमच्या आधी हात कसा घालू?"

"म्हणून तर घाल, तुझ्या हाताला यश आहे."

अधिकारी बिचारा दुसऱ्या प्रांतातला. त्याला वाटलं, हे काहीतरी राजकारण आहे. शेवटी टीटा बेयांग दारातून ओरडली, "अरे, भात करपतोय तिकडे! दोघांनी एकदम हात घाला!" बरणीचं तोंड लहान. दोघांचे हात अडकले. सगळी कचेरी हसत होती, आणि त्या हसण्यातच निएवाच्या हातात 'निवडून आले' आलं. गाउदेन्सियोनं आपला कोरा कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "पेर्पे, वाच. यात काय लपवलंय?" मग म्हणाला, "होडी दोन दिवस कोरडी पडलीय," आणि निएवाचा हात उंच धरून बाहेर घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी जत्रा. मला वाटलं, या वर्षी तुझं दार उघडणार नाही. हरलेल्या माणसानं कशाला डुक्कर भाजावं? सकाळी सहाला दारात उभा. खांद्यावर डुक्कर. "किल्ली." निएवाला त्यानं टेबलाच्या मुख्य जागी बसवलं आणि दिवसभर वाढत राहिला. गावभरचे लोक आले. दुसऱ्या प्रांतातला अधिकारीसुद्धा आला, तीनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी तो बश्या धूत होता, मी पुसत होते. तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याच्यानंतर आता तुला सांगते. खरं तर तुला आधी सांगायला हवं होतं. सहा वर्षं आधी.

सहा वर्षांपूर्वी एकीकडे तू, एकीकडे माझ्या लेकीचा धर्मबाप. तुला नाही म्हणण्याची ताकद नव्हती, त्याला नाही म्हणण्याचं तोंड नव्हतं. मतपत्रिका हातात घेऊन मी उभी होते. मी चिटणीस, एका पदाला दोन गोल रंगवले तर यंत्र मत बाद करतं, हे अख्ख्या गावाला मीच शिकवलेलं. आणि मी दोन्ही गोल रंगवले. काळेभोर, काठोकाठ, नीटनेटके. यंत्रानं पावती दिली ती न वाचता पेटीत टाकली. म्हणजे दोघांनाही छातीवर हात ठेवून सांगता येईल, तुमचा गोल मी रंगवला. कुणाशी खोटं बोलणं नको, कुणाचं मन मोडणं नको. किती हुशार बाई मी!

तू मला विचारलंस, "तुझं मत कुणाला?" मी म्हटलं, "देवाशपथ, तुझा गोल मी रंगवला." तू माझ्याकडे बघितलंस, आणि ट्रंक भरायला गेलीस.

माझं मत तुला मिळालं असतं तर चौदाशे बारा, चौदाशे बारा. बरोबरी. बिस्किटांची बरणी. तू हरली नव्हतीस मानांग, तुला चिठ्ठी उचलायलाच मिळाली नाही. परवा त्या दोघांचे हात बरणीत अडकलेले बघताना सगळे हसत होते, आणि मला एकटीला दिसत होतं, की त्यातला एक हात तुझा असायला हवा होता.

गाउदेन्सियो बशी धूतच राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?"

"निकालानंतर तू मला म्हणालीस, 'कुम्पारे, तुमचा गोल रंगवला.' मत दिलं असं नाही म्हणालीस. तू ठराव लिहिणारी. तुझ्या वाक्याच्या पोटात काय असतं ते मला कळतं. आणि आपल्या केंद्रावर मेयरपदाचं एकच मत बाद होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझी बहीण तुझ्यावरच चिडली असती. माझ्यावर चिडलेली बरी, मी नावाडी आहे, शिव्यांची सवय आहे." बशी माझ्या हातात देत म्हणाला, "पण अर्धं पद तिचं होतं. म्हणून होडी आधी केली. म्हणून हे दार. मला जमेल तेवढं मी तिचं अर्धं सांभाळलं, पेर्पे. उरलेलं काय ते तूच लिही तिला."

बारावी बशी माझ्या हातून पडली.

क्षमा माग म्हणून कुणी सांगितलेलं नाही, आणि मागायची कशी ते मला कळत नाही. शाळेतली निबंधाची बक्षिसं तुझी. पण चूक माझी, घर तुझं. माझ्यामुळे तुला ते पारखं झालं असेल तर त्याच्याऐवजी पोती नकोत. माझ्यावर रागाव, दारावर नको.

पेर्पे


लुबिहान, १ जून

मानांग,

कालचा दिवस मी कचेरीच्या पायरीवर काढला. किल्ली हातात. दर होडीला उठून बघत होते. गिऱ्हाईक आलं नाही. चार वाजता वकिलाचा निरोप आला: 'व्यवहार तूर्त स्थगित. कारण कळवलेले नाही.'

'तूर्त' हा शब्द मी आयुष्यभर ठरावांत वापरलाय. त्याचा अर्थ काय होतो ते मलाही कधी कळलेलं नाही.

गाउदेन्सियो परत प्रवासी नेतो. 'सांता कोन्सोर्सिया' निएवाच्या ताब्यात, पण वारा असला की सुकाणूला तोच. परवा धक्क्यावर मला हाक मारून म्हणाला, "चिटणीसबाई, आता तुम्हांला झाडाखाली यायचं कारण उरलं नाही." मी म्हटलं, "वाचायला काही नाही, पण जाळं विणायला शिकायचंय." रोज जाते. माझी गाठ त्याला बघवत नाही.

पेर्पे


लुबिहान, १९ ऑगस्ट

मानांग,

आज खोका आला. डिसेंबर नाही, काही नाही, ऑगस्टमध्येच. धक्क्यावर सगळा गाव जमला. गाउदेन्सियोनंच तो खांद्यावरून तुझ्या सोप्यावर आणून ठेवला.

आत फक्त दोन वस्तू. दोन्हींवर माझं नाव.

पहिली: काळ्या शाईची जाड लेखणी. तिला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, तुझं अक्षर, सहा वर्षांत माझ्यासाठी पहिलं: 'पुढच्या वेळी एकच.' मी वाचलं, मग टीटा बेयांगला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग निएवाला, मग धक्क्यावरच्या हमालांना. माझी अब्रू आता गावाच्या मालकीची आहे. लोक म्हणतात, कोन्सिंगला फारच कमी बोलून इतकं झोंबवता येतं. मी म्हटलं, आमच्या घराण्यातच आहे ते.

दुसरी: पांढरं टेबलाचं कापड. काठाला निळं भरतकाम, होडीवरच्या अक्षरांच्याच निळ्या रंगाचं. होडीचा रंग मी तुला लिहिला होता हे मला आठवलं, आणि तू पत्रं वाचलीस हे कळलं.

आम्ही ते बारा माणसांच्या टेबलावर अंथरलं. एका टोकाला लांबच लांब लोंबायला लागलं, पार फरशीला टेकलं. टीटा बेयांग म्हणाली, "बिचारी, थंडीनं बोटं आखडली तिची. माप चुकलं." निएवा म्हणाली, "कापून काठ घालूया."

मी म्हटलं, थांबा. माझ्या बहिणीचं माप कधी चुकत नाही. चुकतं ते माझं.

मग मी नियम मोडला. खिडकीपाशी गेले, चादर काढली, आणि गाउदेन्सियोच्या मदतीनं तुझं शिवणाचं टेबल उचलून मोठ्या टेबलाच्या टोकाला लावलं. कापड पुढे सरकवलं. बरोबर बसलं. काठाला काठ, बोटभरही कमी-जास्त नाही.

गाउदेन्सियो म्हणाला, पुढच्या जत्रेच्या आदल्या दिवशी पहिली होडी सहाची असते, पण सांगितलं तर पाचलाही निघेल. आणि या खेपेला भाडं घेणार नाही, उडी मारायची असेल तर खुशाल मार म्हणावं.

त्या शिवणाच्या टेबलापाशी एकच खुर्ची मावते. ती मी मांडून ठेवली आहे.

पेर्पे